जीव वाचल्यानंतर : केटीएस, गंगाबाई आणि वैद्यकीय महाविद्यालयाची वाटचाल

गोंदिया शहरात ऑटोवाल्याला सरकारी दवाखान्याचे पूर्ण नाव सांगावे लागत नाही. 'केटीएस' म्हटले की तो एका फाटकाशी सोडतो, 'गंगाबाई' म्हटले की दुसऱ्या. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय ही ती दोन नावे. सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या गावांत ती घरातल्या माणसांच्या नावासारखी घेतली जातात. 2016 मध्ये या दोन रुग्णालयांना जोडून गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

संस्थेचा इतिहास इमारतींवरून लिहिता येतो, प्रवेशसंख्येवरून लिहिता येतो. इथे तो एका रुग्णाच्या बाजूने लिहिला आहे. तो रुग्ण म्हणजे डोक्याला मार लागलेला, मेंदूला इजा झालेला माणूस. त्याच्यासाठी आरोग्यव्यवस्थेतल्या सगळ्यांना एकामागून एक धावावे लागते. रस्त्यावरचा अनोळखी माणूस, रुग्णवाहिकेतले डॉक्टर, अपघात विभाग, रक्तपेढी, शल्यचिकित्सक, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि शेवटी घरची माणसे. या साखळीतली एक कडी निसटली तरी आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून संस्था किती पुढे आली आणि किती चालायचे राहिले आहे, हे या एका रुग्णावरून नेमके कळते.

'नागपूरला न्या'

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके. हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन असल्याने शहराला रेल्वेने जग जोडलेले होते, पण मोठ्या उपचारासाठी वाट एकच होती. रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवरचे नागपूर. तिथे 1947 पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मेडिकल', आणि त्याहून जुने 'मेयो' रुग्णालय.

'नागपूरला न्या' हे दोन शब्द या जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांनी ऐकले आहेत. त्यानंतर काय होते तेही ती जाणतात. गावातून पैसे गोळा करायचे, धान विकायचे, कोणाच्या तरी गाडीची विनवणी करायची, रुग्णाबरोबर दोन माणसे पाठवायची आणि घरी म्हातारी माणसे व लेकरे शेजाऱ्यांवर सोपवायची. हाड मोडले असेल तर हा वेळ चालून जातो. मेंदू मात्र तेवढा वेळ देत नाही.

त्याचे कारण सरळ आहे. डोके आपटते त्या क्षणी जी इजा होते ती पहिली इजा. ती कोणताही डॉक्टर पुसून टाकू शकत नाही. पण त्यानंतरच्या तासांत दुसरी इजा सुरू होते. कवटी घट्ट असते, तिच्या आत सूज किंवा रक्ताची गाठ वाढली की जागा उरत नाही. श्वास नीट चालला नाही, रक्तदाब घसरला, तर आधीच दुखावलेल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि शाबूत असलेला भागही निकामी होऊ लागतो. काही रुग्ण तर अपघातानंतर उठून बसतात, बोलतात, पाणी मागतात आणि थोड्या वेळाने बेशुद्ध होतात. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठत असल्याची ती खूण असू शकते. 'आता तर चांगला बोलत होता' हे वाक्य अपघात विभागात काम करणाऱ्याला चटका लावून जाते.

दुसरी इजा थांबवणे हेच पहिल्या तासांतले खरे काम. त्यातले बरेचसे काम मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय होते. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, मान न हलवता उचलणे, रक्तस्राव दाबून धरणे, रक्तदाब सांभाळणे, शुद्धीची पातळी पुन्हा पुन्हा मोजून लिहून ठेवणे. हे सगळे नागपूरच्या आधी, गोंदियात, देवरीत, रस्त्याच्या कडेला व्हायला हवे.

या मातीतल्या इजा

मेंदूची दुखापत म्हटले की डोळ्यांसमोर मोटारसायकलचा अपघात येतो, आणि आपल्याकडेही तो येतोच. पूर्वी 6 क्रमांकाचा आणि आता 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोहमारा, देवरी ओलांडून छत्तीसगडात जातो. त्यावर रात्रंदिवस लांब पल्ल्याचे ट्रक असतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात, आणि पहाटेच्या धुक्यात तिघे-तिघे एका दुचाकीवर, हेल्मेटशिवाय परततात. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक औषध वैद्यकशास्त्राकडे दुसरे क्वचितच असेल.

पण गोंदियात मेंदूला घाव घालणाऱ्या गोष्टी रस्त्यावरच थांबत नाहीत. जंगलालगतच्या गावांत फॅल्सिपेरम हिवताप आहे. उपचाराला उशीर झाला तर तो मेंदूत जातो, आणि वाचलेल्या लेकराला पुढे झटके येतात किंवा शिकण्यात अडचण येते. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर मेंदूज्वर पसरवणारे डास वाढतात. 1965 मध्ये नागपूरच्या चांदिपुरा भागात सापडलेला आणि त्याच नावाने जगभर ओळखला जाणारा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. 2007 च्या पावसाळ्यात त्याने नागपूर विभागातल्या मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आणली होती. शिवाय विदर्भात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी मेंदूची रक्तवाहिनी अडवतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलालाही पक्षाघात होऊ शकतो.

म्हणून मेंदूच्या आरोग्याचे काम इथे शस्त्रक्रियागृहाच्या फार आधी सुरू होते. तापात रक्त तपासायला नेणारी आशाताई, मच्छरदाणी, लसीकरण, सिकलसेलची चाचणी आणि नियमित गोळी, हेल्मेटचा बंद लावणे, ही सगळी मेंदू वाचवण्याचीच कामे आहेत.

कड्या जुळत गेल्या

गेल्या काही वर्षांत साखळीतल्या कड्या एकेक करून जुळल्या. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 21 नोव्हेंबर 2013 पासून गोंदियासह सर्व राज्यात आली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता उपचार या योजनेत आले, आणि शेत गहाण टाकण्याची वेळ अनेकांवरून टळली.

26 जानेवारी 2014 रोजी 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली. राज्यभरासाठी 937 रुग्णवाहिका आणि प्रत्येकीत डॉक्टर, हे तिचे वैशिष्ट्य होते. ज्या जिल्ह्यात रुग्ण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि मालवाहू गाडीत आडवा टाकून आणला जाई, तिथे रस्त्यावरच प्राणवायू आणि सलाईन मिळू लागले.

तिसरी कडी कायद्याची. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलीस-कोर्टाचे झेंगट मागे लागेल, ही भीती खेड्यांत खोलवर होती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण मिळाले. त्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती गावच्या चावडीवर, पानठेल्यावर, शाळेच्या फळ्यावर लिहिली गेली पाहिजे, कारण पहिला उपचार करणारा माणूस बहुतेक वेळा तिथलाच असतो.

2016 : दवाखाना शिकवू लागला

पहिल्या वर्षी 100 विद्यार्थ्यांच्या प्रवेशाने महाविद्यालय सुरू झाले. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे. जुन्या रुग्णालयात नवे महाविद्यालय रुजवणे सोपे नसते. जागा तीच, गर्दी तीच, आणि त्यात शिकणारे व शिकवणारे वाढतात. पण रुग्णालय शिकवू लागले की एक मोठा फरक पडतो. खाटेशी रोज प्रश्न विचारला जातो. हे का केले? हे का नाही केले? काल शुद्धीची पातळी किती होती?

शुद्धी मोजण्याची ती पद्धत 1974 मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 3 ते 15. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका आणि नागपूरचा मेंदू शल्यचिकित्सक एकाच भाषेत बोलू शकतात. सकाळी 13 असलेला रुग्ण दुपारी 9 वर आला, एवढे एक वाक्य फोनवर सांगितले तरी पलीकडचा माणूस तयारीला लागतो.

जगातले मोठे शोधही अशाच साध्या दवाखान्यांच्या कामाचे असतात. डोक्याला मार लागला की सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याची रीत कित्येक वर्षे होती. 49 देशांतल्या 10,008 रुग्णांच्या अभ्यासातून 2004 मध्ये कळले की त्यामुळे मृत्यू वाढतात, आणि ती रीत सोडावी लागली. 2019 मध्ये 12,737 रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे स्वस्त औषध तपासले गेले. सौम्य ते मध्यम दुखापतीच्या रुग्णांना ते तीन तासांच्या आत दिले तर डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी होतात, असे दिसले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये शिफारस केलेले औषधही हेच. बाळंतिणीसाठी लागणारे आणि रस्त्यावर पडलेल्या तरुणासाठी लागणारे औषध एकच, आणि दोघांच्याही बाबतीत घड्याळ महत्त्वाचे. गंगाबाई आणि केटीएस एका महाविद्यालयात आली, त्याचा अर्थ अशा गोष्टींतून उमगतो.

कमलाबाई निंबकरांचा वारसा

इथपर्यंतचा इतिहास जीव वाचवण्याचा झाला. डोक्याच्या दुखापतीत जीव वाचतो तेव्हा काम अर्धे झालेले असते. उरलेल्या अर्ध्याचा इतिहास समजून घ्यायचा तर नागपूरकडेच पाहावे लागते, पण यावेळी वेगळ्या इमारतीकडे.

एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन तरुणी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हे शास्त्र अमेरिकेत शिकून त्यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. 1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. त्यानंतर 1958 मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराची शाळा निघाली. मुंबईनंतर इतक्या लवकर हे शिक्षण विदर्भात आले, ही आपल्या भागाच्या आरोग्य-इतिहासातली मोलाची घटना आहे आणि तिची आठवण फार कमी ठेवली जाते.

या शास्त्राचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. माणूस कामातून बरा होतो. सदऱ्याचे बटण लावणे, भाकर मोडून तोंडापर्यंत नेणे, दोरी वळणे, हिशेब करणे, ही बरे झाल्यावर करायची कामे आहेत असे आपण समजतो. कमलाबाईंची परंपरा सांगते की हीच कामे औषध आहेत. मेंदूचा एखादा भाग गेला तर शेजारचे भाग त्याचे काम हळूहळू उचलू शकतात, पण त्यांना सराव लागतो. तो सराव अर्थपूर्ण कामाचा, रोजचा आणि पुन्हा पुन्हा केलेला असावा लागतो. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे वेग मंदावतो, तरी ती वर्षानुवर्षे होत राहते. 'सहा महिने झाले, आता जेवढा सुधारला तेवढाच' असे कोणी म्हणाले तर ते मानू नये.

पडवीतला दवाखाना

गोंदियातल्या रुग्णासाठी अर्थपूर्ण काम कोणते? पुस्तकातल्या रंगीत ठोकळ्यांपेक्षा ते त्याच्या हाताच्या सवयीत सापडते. उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे बांधले जातात. 70 पानांचा एक पुडा. ज्याचे लक्ष टिकत नाही, जो मोजताना वाट चुकतो, त्याच्यासाठी यासारखा व्यायाम नाही. आधी 10 पाने मोजावीत, मग 20. पाने एकावर एक नीट लावताना दुखावलेला हातही कामाला लागतो. धानातले खडे निवडणे, मोहफुले पसरून वाळवणे, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधणे, अंगणात सडा घालणे, यातली प्रत्येक गोष्ट नजर, हात, तोल आणि आठवण एकत्र वापरायला लावते. रोवणीच्या चिखलात पाय टाकण्याआधी मात्र धुऱ्यावरून तोल सांभाळून चालता आले पाहिजे, आणि झटके येत असतील तर पाण्याजवळ, विहिरीवर, तलावावर एकट्याने जाऊ द्यायचे नाही.

भाषेचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात घरात पोवारी, गोंडी, छत्तीसगडी, झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी असे असते. इजेमुळे वाचा गेलेल्या अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णांचा अभ्यास फ्रान्सच्या आल्बेर पीत्र यांनी 1895 मध्ये मांडला होता. इजेच्या आधी जी भाषा सर्वात जास्त वापरात होती ती बहुधा आधी परत येते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून वॉर्डात मराठीला उत्तर न देणारा रुग्ण आईच्या पोवारी हाकेला मान वळवू शकतो. त्याच्या शुद्धीची तपासणी करताना घरचे माणूस जवळ असावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने मनात ठेवावे.

घरच्यांना काही गोष्टी डिस्चार्जच्या दिवशीच समजावून द्यायला हव्यात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. आडवे ठेवून भरवू नये, घास श्वासनलिकेत जातो. लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नये, खांदा निसटतो. झटक्यांच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. दारू पूर्ण बंद. झोप पुरेशी आणि ठरल्या वेळी. एका वेळी एकानेच बोलावे, एकच काम सांगावे, आणि उत्तराची वाट पाहावी. डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी चालवू नये. दुसऱ्यांदा डोक्याला मार बसणे फार महागात पडते.

सगळ्यात कठीण असते ते स्वभाव बदलणे. शांत माणूस चिडका होतो, कर्ता माणूस दिवसभर बसून राहतो, बोलताना भान सुटते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की असे होते. कुटुंबाला ते कळत नाही. कोणी बाहेरचे झाले म्हणते, कोणी आळशी म्हणते, कोणी बायकोला दोष देते. त्या बाईवर एकाच वेळी शेत, लेकरे, औषधे आणि एका अनोळखी झालेल्या नवऱ्याची जबाबदारी येते. तिला कोणीतरी बसवून सांगितले पाहिजे की हा आजार आहे, तुझा दोष नाही, त्याचाही नाही. तिच्या झोपेची, तिच्या मनाची विचारपूस करणे हा उपचाराचा भाग आहे.

कायद्याचा आधारही माहीत हवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. डोक्याच्या दुखापतीचे वेगळे नाव त्यात नाही, पण तिच्यामुळे आलेले अवयवांचे किंवा वाचेचे कायमचे अपंगत्व त्यात बसते, आणि सिकलसेल तर नावाने आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या, पण आठवण आणि भान हरवलेल्या माणसाचे अपंगत्व कागदावर आणणे अवघड जाते. तिथे डॉक्टरांनी वेळ देऊन तपासणे हीच मोठी मदत.

पुढचे पान

11 फेब्रुवारी 2024 रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. नव्या भिंती उभ्या राहताना एक मागणी मनापासून मांडावीशी वाटते. या इमारतीत पुनर्वसनाला एक मोठी, उजेडाची, तळमजल्यावरची जागा असावी. तिथे चूल असावी, पायरी असावी, मातीचा उंचवटा असावा, आणि आपल्याकडच्या रुग्णाला ओळखीची वाटतील अशी अवजारे असावीत. नागपूरच्या शाळेतून शिकलेल्या मुलामुलींना इथे काम मिळावे. आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना, शाळेतल्या शिक्षकांना मेंदूच्या इजेनंतरच्या काळजीचे चार दिवसांचे शिक्षण मिळावे, म्हणजे सालेकशाच्या टोकावरच्या गावातल्या रुग्णाचे दर आठवड्याला शहरात येण्यावाचून अडणार नाही.

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. त्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याची प्रथा आपल्या महाविद्यालयाने सुरू करावी : रुग्ण आधी कोणते काम करत होता, आणि त्यातले पहिले कोणते काम तो आता करून पाहील. कोणासाठी ती ओळ 'स्वतः आंघोळ' अशी असेल, कोणासाठी 'दुकानाची वही'. पुढच्या तपासणीला तो आला की डॉक्टरांनी आधी तीच ओळ वाचावी. देवरीकडचा एखादा माणूस तेव्हा सांगेल की सत्तरचा पुडा मोजला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. या संस्थेचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा ओळी जपून ठेवाव्यात.